जेली संपली

प्राणिगृहातल्या उंदरांना सगळे उंदीरमामा म्हणत आणि त्यांची सरबराई करणाऱ्या माणसाला नुसतं मामा. त्यामुळे ‘मामांनी आज काही खाल्लं नाही’ असा निरोप वर कार्यालयात गेला, की ‘कुठल्या?’ असं आधी विचारायची पद्धत पडली होती. मामांना त्याचं काही वाटत नसे. एकोणतीस वर्षं एकाच खात्यात काढल्यावर माणसाला एवढी भावकी चालवून घ्यावीच लागते.

संस्था संशोधनाची होती आणि प्राणिगृह तिच्या तळघरात. दुसऱ्या मजल्यावर हाडांचे सर बसत. मोडलेलं हाड कसं आणि किती दिवसांत सांधतं, याचा सरांना ध्यास होता, आणि स्वतःची हाडं त्यांना इतर कामांसाठी लागत असल्यामुळे हे काम उंदरांवर पडलं होतं. त्या सोमवारी आठ पांढऱ्या उंदरांच्या मागच्या पायाच्या नळीत बारीक सळई बसवली गेली. अर्थात भूल देऊन. भूल उतरल्यावर जे दुखतं ते उंदराला माणसाइतकंच दुखतं, हे संस्थेला तत्त्वतः मान्य होतं; म्हणून पुढचे तीन दिवस, दर बारा तासांनी, अफूच्या घराण्यातलं एक वेदनाशामक द्यायचं असा नियम होता. त्याचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. मामा ते न अडखळता उच्चारत. हाडांचे सर त्याला ‘ते तुमचं औषध’ म्हणत.

हे औषध लोखंडी कपाटात दोन कुलपांआड असे. एक किल्ली डॉक्टरीणबाईंकडे, म्हणजे प्राणिगृहाच्या पशुवैद्य बाईंकडे, आणि दुसरी मामांकडे. बाई मात्रा मोजून जेलीत कालवायच्या, आठ चिमुकल्या वाट्या ट्रेमध्ये मांडायच्या आणि ट्रे मामांच्या हाती द्यायच्या. तिथून पिंजऱ्यापर्यंत मामांचा कारभार.

जेली ही नवी सुधारणा. पूर्वी सुई असे. मामा उंदराला मानेमागे धरत, उंदीर चीं करी, मामा ‘झालं हो, झालं’ म्हणत आणि दोघेही आपापल्या कामाला लागत. पण संस्थेत एक कल्याण समिती होती आणि तिला कल्याण करण्यावाचून दुसरं काम नव्हतं. दुखणाऱ्या जिवाला आणखी टोचायचं कशाला, असं समितीच्या मनात आलं, आणि सुईच्या जागी जेली आली. उंदीर जातीचा संशयी, नवा पदार्थ चटकन तोंडात घेत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस साधी जेली देऊन त्याला चटक लावायची असंही ठरलं. त्याआधी समितीने उंदराला एकटं ठेवणं बंद केलं होतं. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक उंदरासोबत एक धडधाकट सोबती ठेवायचा. तेवढंच मन रमतं. सोबत्यालाही जेलीची चटक लावली गेली, कारण एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला तोंडाकडे बघत ठेवायचं हे समितीला बरं दिसेना. आणि शेवटी असं परिपत्रक निघालं, की माणूस समोर उभा असला की उंदीर बुजतो, सबब वाटी ठेवून कर्मचाऱ्याने पंधरा मिनिटं खोलीबाहेर जावं.

यातला एकही नियम वाईट नव्हता. मामांनी तिन्ही मनापासून पाळले. शेवटचा तर फारच, कारण पंधरा मिनिटं म्हणजे बरोबर एक चहा.

सोमवारी संध्याकाळी सातला मामांनी आठ पिंजऱ्यांत आठ वाट्या ठेवल्या, चहा घेतला, परत आले. आठही वाट्या चाटूनपुसून लख्ख. मामांनी वहीत आठ ओळी लिहिल्या: जेली संपली. मंगळवारी सकाळी सातला पुन्हा तेच. आठ वाट्या, आठ ओळी, जेली संपली.

मंगळवारी दुपारी डॉक्टरीणबाई चेहरे बघायला आल्या. भिंतीवर एक तक्ता होता; उंदराचे डोळे किती मिटलेत, गाल किती चपटलेत, कान आणि मिशा कशा आहेत, यावरून दुखण्याला गुण द्यायचे. जेवढे गुण जास्त तेवढं दुखणं जास्त. बाईंनी पहिला पिंजरा पाहिला, दुसरा पाहिला, आणि आठव्यापर्यंत त्यांचा स्वतःचा चेहरा तक्त्यावर लावण्यासारखा झाला.

“मामा, यांना औषध दिलंत?”

“दोन्ही वेळा. वहीत आहे.”

“वही नका दाखवू. हा बघा.”

मामांनी पाहिलं. उंदीर कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. डोळे चिरेएवढे. डोळ्यांच्या कडेला तो तांबूस डाग, जो उंदराच्या वाईट दिवसांतच दिसतो. एकोणतीस वर्षांत मामांना तक्ता लागला नव्हता, आजही लागला नाही.

“दुखतंय त्याला,” मामा म्हणाले.

“औषध पोटात गेलेल्या उंदराचा चेहरा असा नसतो, मामा.”

बाईंनी तिथल्या तिथे आठही जणांना सुई दिली. मामांनी धरून दिले. त्यानंतर बाई वर गेल्या, कारण औषध पोटात गेलं नसेल तर कुठे गेलं, हे शोधणं नियमाने त्यांना भाग होतं. अफूच्या घराण्यातलं औषध हरवलं तर संस्थेत ते साबण हरवण्यासारखं धरत नसत.

तासाभरात बैठक बसली. प्रशासनाचे साहेब मधोमध, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला हाडांचे सर, आणि समोर खुर्ची असूनही उभे असलेले मामा.

“मामा, मी काही म्हणत नाही,” साहेब म्हणाले.

“मग कोण म्हणतंय, साहेब?”

“कोणीच म्हणत नाही. विचारतोय. बाटलीतलं औषध कमी झालंय तेवढं वाट्यांत गेलं, हे बाई सांगतात. उंदरांच्या पोटात ते नाही, हेही बाईच सांगतात. मधे कोण आहे?”

“मी.”

“बघा, मी म्हटलं का?” साहेबांनी हात झटकले. “घरी कसं आहे सगळं? मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना?”

“तीन आठवडे झाले.”

“आज सकाळी तुमचा डबा घेऊन इथे वर कार्यालयात आल्या होत्या. मी पाहिलं. जिना चढून आल्या.” साहेबांनी ‘जिना’ हा शब्द टेबलावर ठेवला आणि बाईंकडे वळले. “मॅडम, आठ उंदरांचं औषध माणसाला लागू पडेल का?”

डॉक्टरीणबाई खोटं बोलत नसत, ही त्यांच्यात एक मोठीच अडचण होती. “जिभेखाली धरलं तर पडेल,” त्या म्हणाल्या. मग मामांकडे न बघता म्हणाल्या, “पण मला तसं वाटत नाही.”

“वाटण्याला रकाना नाही, मॅडम.”

हाडांच्या सरांना चोरीत काडीचा रस नव्हता. त्यांना वेगळीच चिंता होती. “तुम्ही सुया दिल्यात, ते एक वाईट झालं,” ते बाईंना म्हणाले. “माझं सोबत्यांवरचं निरीक्षण मध्येच तुटलं. कॅमेरा लावलाय मी. मित्र कण्हतोय आणि सोबती वेड्यासारखा येरझारा घालतोय! पिंजऱ्यात अंथरलेला भुसा खातोय, अहो, भुसा! अन्न सोडून! दुसऱ्याच्या दुःखाने एवढा व्याकूळ झालेला उंदीर आजवर कोणी पाहिला नसेल.” सरांना निबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं. सरांना शीर्षकं नेहमीच आधी सुचत.

बैठकीचा निर्णय असा झाला, की कुणीही कुणावर काहीही आरोप करत नाही. फक्त मामांनी कपाटाची किल्ली जमा करावी, चौकशी होईतो पिंजरे धुण्याचं काम बघावं, आणि गुरुवारपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास प्रकरण पोलिसांकडे द्यावं. मामांनी किल्ली कडीतून काढायला घेतली. ती निघेना. साहेबांनी आपली नखं वापरून मदत केली.

घरी मामी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मामांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मामी ऐकून आधी हसल्या, मग त्यांना राग आला, आणि रागाने पाय हलला तशा ‘आई गं’ म्हणाल्या.

“म्हणजे माझं दुखणं खोटं का? त्या साहेबांना म्हणावं, जिना चढले ते दात-ओठ खात चढले. तुमच्या उंदरांना बारा तासांनी अफू आणि मला काय, तर दोन साध्या गोळ्या आणि ‘व्यायाम करा’! अहो, उंदराचा जन्म मिळाला असता तर सुखी झाले असते.”

“आठ जणांना विचार, सुखी आहेत का ते,” मामा म्हणाले.

मामींनी पाय सावरून घेतला. “खरंच फार दुखत होतं त्यांना?”

“हो.”

“आणि वाटी रिकामी?”

“लख्ख.”

तेवढ्यात मामींचे भाऊ, म्हणजे मामांचे मेहुणे, बहिणीची विचारपूस करायला आले. हे रोज येत. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून ‘ताई, धीर सोडू नकोस’ असं सांगत आणि ऑपरेशनच्या दिवसापासून बहिणीपेक्षा तेच जास्त थकलेले दिसत. मामांच्या मुलीने आईसाठी द्राक्षांची ताटली आणून स्टुलावर ठेवली आणि ती आपल्या कामाला गेली. मेहुण्यांनी वेदनांवर आपले विचार मांडले. वेदना मनात असतात, असं त्यांचं मत होतं. अर्ध्या तासाने ‘येतो, भावोजी’ म्हणून ते उठले.

मुलगी ताटली न्यायला आली. “अरे वा, आईने सगळी द्राक्षं संपवली! आज भूक लागली वाटतं.”

“मी?” मामी कडाडल्या. “एक द्राक्ष तोंडात गेलं असेल तर शपथ. तुझ्या मामाने हाणली सगळी. माझा हात पोचेपर्यंत देठं उरली होती. आणि तू काय गं, ताटली रिकामी दिसली की आजाऱ्याचं पोट भरलं?”

मामा स्टुलाकडे बघत राहिले. मग पलंगाकडे. पलंगापासून स्टूल हातभर लांब होतं, आणि खुर्चीपासून वीतभर.

“मला उद्या लवकर जायचंय,” ते म्हणाले.

बुधवारी सकाळी पावणेसातला मामा डॉक्टरीणबाईंच्या दाराशी उभे होते. त्यांनी द्राक्षांची हकिगत सांगितली. बाई कोट घालता घालता थांबल्या, एक हात बाहीत आणि एक बाहेर.

“सोबती!” त्या म्हणाल्या. “भुसा खात होते ना? हे औषध धडधाकट उंदराला दिलं की तो हेच करतो. येरझारा घालतो आणि भुसा खातो. पुस्तकात आहे, मामा! परीक्षेत लिहिलंय मी हे!”

“आज कसे आहेत सोबती?”

दोघं खाली गेली. काल दुपारपासून जेली बंद होती, सगळं सुईने चाललं होतं. आठही सोबती ढाराढूर झोपले होते. एक तर आपल्या आजारी मित्राच्या अंगावर पाय टाकून.

“पण काल कोणी खाल्लं, ते आज कसं दाखवायचं?” मामांनी विचारलं. “साहेब म्हणतील, मेहुण्याची द्राक्षं पुरावा म्हणून चालत नाहीत.”

“सरांचा कॅमेरा,” बाई म्हणाल्या.

सरांनी आधी टाळाटाळ केली. सोबती शांत झालेत हे त्यांनीही पाहिलं होतं, आणि त्यांचा उलगडा तयार होता: सुईने मित्राचं दुखणं थांबलं, म्हणून सोबत्याचं दुःख थांबलं. निबंधाला आणखी एक परिच्छेद. “सुरुवातीची पंधरा मिनिटं मी बघतच नाही,” ते म्हणाले. “त्यात काही नाही. नुसतं खाणं आहे.”

“तेच दाखवा, सर,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी साहेबांनाही बोलावून घेतलं.

पडद्यावर तिसरा पिंजरा आला. मामांचा हात आत आला, वाटी ठेवून गेला. दार लागल्याचा आवाज आला. त्याबरोबर शेपटीवर निळी रेघ असलेला सोबती उठला आणि वाटीवर तुटून पडला. तीन दिवस लावलेली चटक वाया गेली नव्हती. शेपटीवर लाल रेघ असलेला आजारी उंदीर पाय ओढत दोन पावलं आला. सोबत्याने त्याच्याकडे पाठ केली. आजारी डावीकडून गेला. सोबती डावीकडे सरकला. मग आजारी बसून राहिला. सोबत्याने वाटी चाटली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा चाटली. शेवटी तो वळला तेव्हा आजारी उंदराने मान लांब केली आणि त्याच्या मिशांना लागलेली जेली हळूहळू चाटायला सुरुवात केली.

“बघा!” सर नकळत ओरडले. “काय हे प्रेम!”

सरांना आपलंच वाक्य ऐकू आलं असावं, कारण ते खुर्चीत मागे टेकले आणि चष्मा पुसू लागले. पडद्यावर सोबती आता गोल गोल फिरत होता. त्याने भुशाची एक मूठ तोंडात कोंबली.

“हा तो मित्रशोक,” साहेब म्हणाले. साहेब विनोद करत नसत, म्हणून तो जास्त लागला.

त्यांनी आठही पिंजरे पाहिले. आठांपैकी सात सोबती चोर निघाले. आठव्याने अर्धी जेली ठेवली होती, ती आजाऱ्याने खाल्ली होती. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. पोलीस टळले की त्यांना नेहमी माणुसकीचं भरतं येई. “मामा, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो…”

पण मामांचं लक्ष पडद्यावर होतं. पिंजऱ्यांची सगळी रांग दाखवणारी चित्रफीत बंद करायची राहून गेली होती. पंधरा मिनिटं झाली होती आणि पडद्यावरचे मामा परत आले होते. ते पहिल्या पिंजऱ्याशी वाकले, वाटी उचलली, प्रकाशात धरली, वहीत लिहिलं. दुसऱ्या पिंजऱ्याशी वाकले, वाटी उचलली. एकेका पिंजऱ्याला चार सेकंद. तिसऱ्यात लाल रेघवाला पाठीची कमान करून त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर बसला होता. पडद्यावरच्या मामांनी वाटी पाहिली. उंदराकडे पाहिलं नाही.

“जरा मागे घ्या,” मामा म्हणाले. सरांनी मागे घेतलं. मामांनी ते पुन्हा पाहिलं. “बस.”

दुपारी साहेबांनी पत्र तयार केलं. संशय निराधार आढळला, औषध ‘अनधिकृत लाभार्थ्यांनी’ सेवन केलं, श्री. मामा यांची कारकीर्द निष्कलंक आहे. ते घ्यायला मामा वर आले तेव्हा त्यांच्या हातात वही होती.

“साहेब, यात एक दुरुस्ती केलीय. सही करा.”

साहेबांनी वाचलं. सोमवार संध्याकाळ आणि मंगळवार सकाळ, दोन्ही वेळच्या ‘जेली संपली’ समोर मामांनी लाल शाईने आणखी एक ओळ लिहिली होती: ज्याला द्यायची त्याला मिळाली नाही. मी पाहिलं नाही. फक्त आठव्या पिंजऱ्यापुढे ‘अर्धी मिळाली’ असं होतं.

“हे कशाला?” साहेब म्हणाले. “सुटलात ना तुम्ही? आता आपल्या हाताने कशाला अडकता?”

“चोरीतून सुटलो. यातल्या सात जणांना सोमवारच्या रात्रीपासून मंगळवारच्या दुपारपर्यंत औषध नव्हतं. उद्या ही वही कोणी वाचली तर त्याला वाटेल, होतं.”

“नियमात ‘बाहेर जा’ असंच आहे. समितीची चूक.”

“समितीने वाटीकडेच बघा असं नव्हतं सांगितलं.”

“मामा, ही ओळ राहिली तर मला ताकीद द्यावी लागेल. सेवापुस्तकात जाईल. निवृत्तीला किती, तीन वर्षं राहिली ना? खोडा आणि मोकळे व्हा.”

“वहीत खाडाखोड चालत नाही, साहेब. तुम्हीच परिपत्रक काढलंय.”

साहेबांनी परिपत्रक आठवून पाहिलं. काढलं होतं. त्यांनी सही केली आणि कारकुनाला दुसरं पत्र टंकायला सांगितलं. निष्कलंक कारकिर्दीचं पत्र आणि निष्काळजीपणाबद्दलची ताकीद अशी दोन्ही मामांना एकाच पाकिटातून मिळाली, कारण पाकिटं संपत आली होती. मामांनी पोच म्हणून दोन सह्या केल्या.

खाली सरांनी निरोप पाठवला होता, की या आठ उंदरांची आकडेवारी आता कशाच्याच कामाची उरलेली नाही, ती बाद धरावी. डॉक्टरीणबाईंनी तो निरोप फाइलला लावला. उंदीर बाद झाले तरी पाय त्यांचेच होते आणि तीन दिवसांतला एक दिवस अजून बाकी होता. बाईंनी पिंजऱ्यांना जाळीचे पडदे करून आणले होते. जेलीच्या वेळी मधे सरकवायचे, एका बाजूला आजारी, दुसऱ्या बाजूला सोबती. कल्याण समितीची मंजुरी यायला आठवडा लागणार होता. तोवर बाईंनी ते ‘साफसफाईचं साहित्य’ म्हणून नोंदवले.

“सुईच देऊ का?” त्यांनी विचारलं. “जेली दिली तर आठ जणांसाठी दोन तास बसावं लागेल तुम्हाला. समोर माणूस असला की बुजतात, हेही खरं आहे.”

“बुजू देत,” मामा म्हणाले. “लांब बसतो.”

संध्याकाळी सातला त्यांनी पहिल्या पिंजऱ्यात जाळी सरकवली, वाटी आजाऱ्याच्या बाजूला ठेवली आणि चार हातांवर उपडी बादली ठेवून तिच्यावर बसले. सोबती जाळीला पंजे लावून उभा राहिला आणि त्याने बराच वेळ आरडाओरडा केला. आजारी उंदीर कोपऱ्यातून वाटीकडे बघत होता. दहा मिनिटं तो हलला नाही. मग एक पाऊल आला, थांबला, जाळीपलीकडे पाहिलं, आणखी एक पाऊल आला. उंदराने जेलीचा वास घेतला, मिशा हलवल्या आणि एक घास घेतला. आणि मग मामांनी पाहिलं, की तो जबडा हलवत नाहीये, घास तसाच गालात धरून बसलाय. मामा थांबले. उंदराने गिळलं. मामांनी वही उघडली, पण अजून अर्धी वाटी बाकी होती, म्हणून त्यांनी ती पुन्हा मिटली.